न वाकलेले बाकडे

१

चोरी दोन परींची असते. पहिलीत वस्तू जाते. ती शोधता येते, सापडली तर परत ठेवता येते, न सापडली तर तिच्यावाचून जगता येते. दुसरीत वस्तू कुठेच जात नाही. एकाच्या हक्काचे जे दुसऱ्याच्या मुखातून बाहेर पडायचे असते, तेवढे ओठांच्या आत अडकून राहते. अशा चोरीची फिर्याद कोणी नोंदवून घेत नाही, आणि तिचा चोर बहुधा चांगला माणूस असतो, हीच त्यातली मोठी अडचण. येथे सांगायच्या हकिकतीत या दोन्ही चोऱ्या एकाच रविवारी, एकाच छपराखाली झाल्या. लोकांना पहिलीच दिसली.

सोमवारी सकाळी आठाच्या सुमारास तोलमास्तर न्याहारीला बसत होते, तोच मेहुण्याचा निरोप आला. "भावोजींना म्हणावं, असाल तसे या. कारखान्यात चोरी झाली आहे."

तोलमास्तरांनी पस्तीस वर्षे ट्रकांच्या वजनकाट्यावर काढली होती. समोरून जाणाऱ्या गाडीच्या चाकाकडे एकदा पाहिले की तिच्यात किती भार आहे, हे ते शंभर किलोंच्या आत सांगत. स्वतःचे वजन मात्र विचारलेले त्यांना आवडत नसे. ते उठू लागताच पत्नीने खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवले.

"खाऊन जा. चोर काही तुमच्यासाठी थांबलेला नाही. कालही तेच. माझा धाकटा भाऊ म्हणून हौसेनं जेवायला बोलावलं, तर तो अर्ध्या ताटावरून उठून पळाला. दुसरी वाढ नको म्हणाला. जन्मात पहिल्यांदा!"

"पोट बिघडलं असेल."

"त्याचं? लोखंड पचवलंय त्यानं."

मेहुण्याला सारे गाव 'उस्ताद' म्हणत असे. गाव डोंगराच्या पायथ्याशी. डांबरी रस्ता उस्तादांच्या कारखान्यापर्यंत येऊन संपे आणि पुढे दगडगोट्यांची, ओढ्यांची, चिखलाची वाट सुरू होई. त्या वाटेवर चारही चाकांना जोर देणाऱ्या गाड्याच चालत, आणि त्या गाड्यांना कोणती स्प्रिंग, कोणता शॉकॲब्सॉर्बर, कोणता टायर हे ठरवून बसवून देणे हा उस्तादांचा चाळीस वर्षांचा व्यवसाय. भिंतीवर त्यांनी स्वहस्ते रंगवलेले वचन होते : 'पाटा कडक, गाडी बेधडक.'

तोलमास्तर पोचले तेव्हा उस्ताद दारात उभ्या असलेल्या कुणाच्या तरी गाडीच्या टायरवर लाकडी हातोडा आपटून, मान कलती करून ऐकत होते. "एकतीस," ते गाडीवाल्याला म्हणाले, "दोन पौंड भरून घ्या." हवा ते कानानेच मोजत, यंत्र लावणाऱ्याला ते 'अर्धा मेकॅनिक' म्हणत.

"काय गेलं?" तोलमास्तरांनी विचारले.

उस्तादांनी डोळे वर केले नाहीत. "मधमावशीच्या गाडीचे मागचे नवे पाटे. शनिवारी संध्याकाळी बसवले होते. आज नाहीत."

तोलमास्तर धापा टाकीत भिंतीलगतच्या लांब बाकड्यावर बसले. हे बाकडे उस्तादांचे. त्यावर ते स्वतः आणि भावोजी यांच्यावाचून कोणी बसत नसे. तोलमास्तर बसले की त्याची फळी मध्यभागी चार बोटे लवे, आणि उस्ताद दरवेळी म्हणत, "भावोजी, फळीला नमस्कार करायला लावता तुम्ही." आज ते तसे म्हणाले नाहीत. तोलमास्तरांना काहीतरी चुकल्यासारखे वाटले. पण काय, ते ध्यानात येईना.

"पाट्यांवाचून गाडी उभी कशी?" त्यांनी विचारले.

"तेच तर," उस्ताद म्हणाले. "चोर जाताना जुने बसवून गेला."

२

मधमावशी म्हणजे साठीची, खणखणीत आवाजाची, मधमाश्या पाळणारी बाई. डोंगरमाथ्यावरील माळ फुलला की ती मधपेट्या गाडीत घालून वर नेई आणि दोन महिन्यांनी मधाने भरून खाली आणी. गाडी स्वतः चालवी. माश्यांनी इतक्या वेळा दंश केला होता की आता त्यांनीच नाद सोडला आहे, असे ती सांगे.

"मी ठरल्याहून तासभर आधीच आले," ती सांगू लागली. "म्हटलं, पेट्या बांधायचा दोर कुठून ओवायचा ते पाहावं, म्हणून वाकले गाडीखाली. शनिवारी पिवळेधमक सात पट्ट्यांचे पाटे होते. आज बघते तर माझेच जुने, काळे, चार पट्ट्यांचे! मी अशी ओरडले अशी ओरडले, की उस्तादांच्या हातचा चहा सांडला. उद्या पहाटे निघायचंय मला, मास्तर. वर फूल कुणासाठी थांबत नाही."

तोलमास्तर गुडघ्यांवर हात टेकीत, 'हे राम' म्हणत गाडीखाली वाकले. पाटा म्हणजे पोलादी पट्ट्या एकावर एक रचून केलेली धनुष्याकृती स्प्रिंग. सारा भार तिच्या पाठीवर. जुने पाटे घासूनपुसून, पट्ट्यांमध्ये ग्रीस भरून बसवलेले होते. टोकांच्या रबरी नळ्यांना, म्हणजे बुशांना, किंचितही पीळ पडलेला नव्हता. गाडी जॅकवर असताना बोल्ट आवळले, तर चाके जमिनीला टेकताच हे रबर पिळवटते. येथे मात्र चाके टेकवून, भार येऊ देऊन, मगच शेवटचा पाना फिरवलेला होता.

'घाईत चोरी करणाऱ्याला एवढी माया कुठली?' तोलमास्तर मनाशी म्हणाले.

"हवापण काढली आहे!" मागून आवाज आला. शेजारचा टायरविक्रेता, ज्याला सारे रबरशेठ म्हणत, पोटावर हात फिरवीत येऊन उभा होता. "शनिवारी मी स्वतः चारही टायरांत चाळीस-चाळीस पौंड भरली होती. आता बघा कशी बसलीत."

"यंत्र द्या तुमचं."

रबरशेठने हवा मोजायचे यंत्र दिले. तोलमास्तरांनी चारही चाके मोजली आणि आकडे मोठ्याने वाचले : "सत्तावीस. एकोणतीस. सव्वीस. अठ्ठावीस."

रबरशेठने घसा खाकरला. "आता मी बोलू नये, पण बोलतो. या कारखान्यात हवा कमी करा, कमी करा, असं कोण म्हणतं? शनिवारी इथं कोणाचं भांडण झालं? आणि काल चार वाजता कुलूप उघडून आत कोण गेलं? रविवारी दुकान बंद होतं, तरी जाता जाता मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

सर्वांच्या नजरा एकाच दिशेला वळल्या. कारखान्याच्या मागच्या टोकाला उस्तादांची सून शॉकॲब्सॉर्बर खोलून बसली होती. हवा मोजायचे यंत्र तिच्या गळ्यात डॉक्टराच्या नळीसारखे लटकत असे. ते याही क्षणी होते. तिने विद्या कॉलेजात घेतली होती आणि पुन्हा नव्याने सासऱ्यांच्या हाताखाली घेतली होती. घरी ती त्यांना 'बाबा' म्हणे, कारखान्यात 'उस्ताद'. येत्या महिन्यात उस्ताद कारखान्याच्या किल्ल्या तिच्या स्वाधीन करणार, हे साऱ्या गावाला ठाऊक होते.

ती उठली, हात पुसले. "खरं आहे. काल चारला मी आत आले होते. माझी वही राहिली होती."

"आणि?" तोलमास्तरांनी विचारले.

तिने एकदा सासऱ्यांकडे पाहिले. उस्ताद हातोड्याच्या दांड्याकडे असे पाहत होते, जणू तो त्यांनी आजच प्रथम पाहिला.

"आणि पुढचं मी सांगणार नाही," ती म्हणाली.

३

शनिवारचे भांडण काय होते, ते रबरशेठने आपल्या दुकानात गादीवर बसून, दोन्ही बाजूंचे आवाज काढून सांगितले. त्याला हे काम मनापासून आवडत होते.

"टायरवरून दोघांचं जमलं, मास्तर. उस्ताद म्हणत होते, मोठ्या गोट्यांचा, म्हणजे ठसठशीत उंचवट्यांच्या नक्षीचा, चिखलाचा टायर घाल. सूनबाई म्हणाली, वाटेत चिखल चार ठिकाणी आणि दगड चाळीस ठिकाणी. मोठ्या गोट्यांचा टायर दगडावर नाचतो. मध्यम नक्षीचा घ्या, कडा मात्र जाड हव्यात, दगडानं कापता कामा नये. उस्तादांनी पंधरा मिनिटं मिशी ओढली आणि मानलं. मला काय, दोन्ही माझ्याच दुकानात!"

"मग बिनसलं कुठं?"

"पाट्यांवरून. उस्ताद म्हणाले, येताना मधाचं ओझं आहे, सात पट्ट्यांचा कडक पाटा. ती म्हणाली, अहो, पण जाताना? जाताना पेट्या हलक्या. हलक्या ओझ्याखाली कडक पाटा वाकतच नाही, सगळा दणका पेटीला. आणि टायर हीच पहिली स्प्रिंग, म्हणून हवाही कमी हवी. असं म्हणून तिनं वहीत काढलेलं चित्र दाखवलं. उस्ताद म्हणाले, 'वहीतली गाडी वहीत चालते.' झालं! बाई गप्प. आता तुम्हीच सांगा, हे काम दुसऱ्या कोणाचं असणार?"

"तुमचं," तोलमास्तर शांतपणे म्हणाले.

रबरशेठच्या हातातली पावती गळून पडली. "माझं? अहो, मला पाना कुठल्या बाजूनं धरायचा तेही ठाऊक नाही! लग्नातला पलंग जोडला होता मी, मोडला तो. बायकोला विचारा!"

"विचारत नाही. विश्वास ठेवतो." तोलमास्तर हसले. ज्याने ते पाटे बसवले, तो पाना उजव्या हाताइतका ओळखणारा होता. रबरशेठ सुटला. मधमावशीही सुटली, तिने माश्यांवाचून कशालाही कधी हात घातला नव्हता.

मग उरली फक्त दोन माणसे. त्यांतली एक काल तिथे होती, हे तिने स्वतःच मान्य केले होते. तोलमास्तरांना बरे वाटेना. मुलगी त्यांची लाडकी होती.

ते परत येऊन मधमावशीच्या गाडीचे मागचे दार उघडून उभे राहिले. आतला पत्रा स्वच्छ होता. पण कोपऱ्यात, फटीत, पिवळट असे काही चिकटले होते. त्यांनी नखाने उकरले, बोटांत चुरले, हुंगले. मेण.

"मावशी, मधपेट्या गाडीत चढवल्या होत्या का?"

"छे! आज सूर्य मावळल्यावर माश्या घरात शिरल्या की दारं लावायची, मग चढवायच्या. अजून एकही नाही."

"मग हे?"

मावशीने चिमटीत धरून पाहिले. तिचा चेहरा बदलला. "हे पोळ्याचं मेण. जुन्या पोळ्याचं. अशी पेटी एकच इथं आहे. शनिवारी मीच आणून दिली, मापासाठी. रिकामी, आत चार जुनी पोळी होती." तिने कोपऱ्याकडे बोट दाखवले.

पेटी तेथेच होती. तोलमास्तरांनी झाकण उचलले. चार पोळ्यांपैकी दोन अखंड होती. उरलेली दोन चौकटीतून निखळून, तुकडे तुकडे होऊन तळाशी पडली होती.

"अगं बाई," मावशी हळूच म्हणाली. "जिवंत पेटीत असं झालं असतं, तर राणीमाशी चिरडली असती."

"ही पेटी तुम्ही कोणाच्या हाती दिली होतीत?" तोलमास्तरांनी विचारले.

मावशीने सांगितले. तोलमास्तरांनी झाकण अलगद लावले.

४

दुपार कलली तरी सून कारखान्यामागच्या पायरीवरच बसली होती. डबा उघडलेला, पण घास घेतलेला नव्हता. शेजारी एक लिफाफा. तोलमास्तर तिच्याजवळ बसले. पायरी दगडी असल्यामुळे निर्धास्तपणे बसले.

"कसलं पत्र?"

"मोठ्या कंपनीचं. गाड्यांच्या स्प्रिंगा तपासायच्या विभागात बोलावलंय. आज संध्याकाळपर्यंत हो की नाही कळवायचंय." ती थांबली. "काल रात्रीपर्यंत 'नाही' म्हणणार होते. माझं सगळं शिक्षण इथं झालंय, काका. त्या हातोड्याच्या आवाजावर."

"आणि आज?"

"आज इथं सगळ्यांसमोर मला चोर म्हटलं. त्याचं काही वाटलं नाही. रबरशेठ काय, सकाळी काहीतरी बोलतात आणि दुपारी लोणचं पाठवतात. पण एक माणूस गप्प राहिला."

"काल चारला तू काय पाहिलंस, मी विचारत नाही."

"विचारू नकाच."

"पण तू सांगितलंस तर सुटशील."

ती किंचित हसली. "मी सांगितलं तर ते हरतील, काका. त्यांनी सांगितलं तर आम्ही दोघंही जिंकू. मी पाच वाजेपर्यंत वाट पाहणार आहे."

तोलमास्तरांनी डब्यातला एक घास उचलून तिच्या हातात दिला. "खा. उपाशी माणसाचा निर्णय खरा नसतो. आणि तुझ्या गळ्यातलं यंत्र जरा दाखव. अर्धा पौंडसुद्धा दाखवतं का हे?"

"पाव पौंडसुद्धा."

"चार चाकांत कधी चार वेगवेगळे आकडे ठेवलेस?"

"मी?" तिने अपमान झाल्यासारखे पाहिले. "त्यापेक्षा मी चहात मीठ घालीन."

तोलमास्तर उठले. शितावरून भाताची परीक्षा झाली होती. फक्त एक गोष्ट उरली : ते पिवळे पाटे गेले कुठे? एकेक पाटा तीस किलोंचा. गावातून कोणी वाहून नेताना दिसले नाही, गाडीत घातले म्हणावे तर कोणती गाडी आली नाही. तीस आणि तीस साठ किलो पोलाद असे हवेत विरत नाही. आयुष्यभर वजन मोजलेल्या माणसाला हे सहन होण्यासारखे नव्हते.

विचार करीत ते आत आले आणि सवयीने उस्तादांच्या बाकड्यावर जड अंगाने बसले.

आणि तेव्हा, सकाळपासून काय चुकल्यासारखे वाटत होते, ते त्यांना कळले.

५

फळी वाकली नाही.

वीस वर्षे जी फळी त्यांच्याखाली चार बोटे लवत आली, ती आज दगडी ओट्यासारखी ताठ होती. तोलमास्तरांनी बसल्या जागी जरा उसळी मारून पाहिली. फळीने दाद दिली नाही. त्यांनी फळीवरून खाली लोंबणारे पोते हळूच बाजूला सारले.

आत दोन लाकडी ठोकळ्यांवर, जमिनीचा दमटपणा लागू नये अशा बेताने, दोन पिवळेधमक पाटे फळीला पाठ लावून निवांत पहुडले होते.

उस्ताद पलीकडे पाने पुसत होते. एकच पाना ते सकाळपासून पुसत असावेत.

"ये, बस," तोलमास्तर म्हणाले.

"काम आहे."

"बस रे. वजन सोसेल. आज फळीखाली टेकू आहे."

उस्तादांचा हात थांबला. ते आले, बसले. दोघा मेहुण्यांच्या समोर भिंतीवरचे ते वचन होते.

"मी एक हिशेब सांगतो, चुकला तर सांग," तोलमास्तर म्हणाले. "मावशीच्या पेट्या तीस. जाताना बारा किलोंची एक, म्हणजे तीनशे साठ. येताना पस्तीस किलोंची, म्हणजे हजाराच्या वर. तू येतानाचं पाहिलंस, तिनं जातानाचं. शनिवारी तू तिला गप्प केलंस. पण रविवारी माझ्याकडे ताटावर बसल्या बसल्या तुला ते तीनशे साठ टोचायला लागले. म्हणून दुसरी वाढ न घेता उठलास. तुझी अक्का अजून काळजीत आहे, तिला काहीतरी सांग. इथं आलास. मापाची पेटी गाडीत ठेवलीस आणि ओढ्यापर्यंत जाऊन आलास."

"वाळूची पोतीही ठेवली होती," उस्ताद पुटपुटले. "तीनशे साठ पुरे करायला."

"पोळं मोडलं."

"पहिल्या शंभर पावलांतच. त्या मोडलेल्या पोळ्याचा आवाज, भावोजी... चाळीस वर्षांत असा कधी ऐकला नव्हता."

"मग परत येऊन जुने पाटे चढवलेस, हवा कमी केलीस, पुन्हा गेलास. त्याच वेळी, चारला, ती कुलूप उघडून आत आली आणि गाडीची रिकामी जागा व काढून ठेवलेले नवे पाटे पाहून सगळं समजली. उरलेली दोन पोळी शाबूत राहिली. हवा काढलीस ती कानानं, म्हणून चार चाकांत चार आकडे. तिनं काढली असती तर एकच आकडा असता. आणि नवे पाटे चोरानं ठोकळ्यावर ठेवले नसते. पोलाद जमिनीवर टेकवायचं नाही, असं बजावणारा माणूस या गावात एकच आहे."

उस्तादांनी पान्यावरचे फडके घडी करून मांडीवर ठेवले.

"मी सांगणार होतो," ते म्हणाले. "सकाळी म्हणणार होतो, नव्या पाट्यांच्या पोलादात खोट निघाली. मावशी तासभर आधी आली."

"म्हणजे निर्जीव पोलादावर आळ घेणार होतास."

"पोलादाला काय वाटतं?"

"काहीच नाही. म्हणून तो आळ त्याच्यावर टिकला नाही. घसरला आणि जिला वाटतं तिच्यावर जाऊन बसला. आणि तू पाहत राहिलास."

उस्तादांचे डोळे भरून आले. "तुम्हाला बोलावलं ते कशासाठी, भावोजी? तुम्ही तिला निर्दोष ठरवाल, म्हणून. माझं नाव न घेता ठरवाल, असा वेडा हिशेब केला होता मी. चोर कळला नाही, पण ती नव्हे हे कळलं, एवढ्यावर भागेल असं वाटलं."

"काटा अर्धं वजन दाखवत नाही रे," तोलमास्तर म्हणाले. "दाखवतो ते पुरं दाखवतो. पण मी आज कोणाला काही सांगणार नाही. पाच वाजेपर्यंत तिच्याजवळ एक पत्र आहे. त्याचं उत्तर 'हो' गेलं, तर या फळीखाली असे शंभर पाटे लावलेस तरी घर वाकायचं ते वाकेलच."

"कसलं पत्र?" उस्ताद ताडकन उभे राहिले. "किती वाजले?"

भिंतीवरच्या घड्याळात पाचाला दहा मिनिटे होती.

६

त्यानंतर जे घडले ते रबरशेठ पुढे कित्येक दिवस प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत असे, आणि दरवेळी उस्तादांची मिशी थोडी अधिक थरथरवीत असे.

उस्तादांनी हातोडा उचलला आणि रिकाम्या तेलाच्या पिंपावर तीन दणके हाणले. मधमावशी धावत आली, रबरशेठ तराजूसारखा डुलत आला, सून पायरीवरून उठून दारात आली. तिच्या हातात लिफाफा होता.

उस्तादांनी बाकड्याखालचे पोते ओढून बाजूला फेकले. पिवळे पाटे उघडे पडले.

"चोर मी," ते म्हणाले. "काल दोनदा ओढ्यापर्यंत जाऊन तपासलं. माझ्या पाट्यानं पोळं मोडलं, हिच्या म्हणण्यानं वाचलं. पण हिचं बरोबर होतं, हे तीन शब्द माझ्या तोंडून निघेनात, म्हणून मी हे सगळं लपवलं. आणि सकाळी हिच्यावर बोट उठलं तेव्हा गप्प बसलो. पाट्यांचं काय, मिळाले. गप्प बसून हिच्या हक्काचे शब्द मात्र मी चोरले. परत करतो. सगळ्यांसमोर."

रबरशेठने प्रथम आपले कान धरले, मग सुनेकडे पाहून हात जोडले. "सूनबाई, आज लोणच्याबरोबर पापडही पाठवतो."

मधमावशी खदखदून हसली. "अहो उस्ताद, माझ्या माश्यांसाठी काल दोन-दोनदा ओढ्यापर्यंत गेलात? सकाळीच सांगायचं ना! मी ओरडले नसते, ओवाळलं असतं तुम्हाला." मग ती एकदम गंभीर झाली. "पण जाताना मऊ पाटा, हे कळलं. येताना हजार किलो मध आहे. तेव्हा हे चार पट्ट्यांचे बिचारे टेकतील की!"

उस्ताद सुनेकडे वळले. "तुझ्या वहीत पुढच्या पानावरही काही होतं. शनिवारी मी पान उलटू दिलं नाही. आण."

ती वही घेऊन आली. चित्रात जुन्या पाट्याखाली, मध्ये बोटभर फट ठेवून, आणखी दोन सपाट पट्ट्या काढल्या होत्या. गाडी हलकी असेल तेव्हा त्या पट्ट्या नुसत्या सोबत राहणार. ओझे वाढून वरचा पाटा खाली आला की त्याला टेकून भार उचलणार.

"या नव्या पाट्यातल्याच खालच्या दोन पट्ट्या काढून लावता येतील," ती म्हणाली. "बाकीच्या राहतील पुढच्या कामाला."

उस्तादांनी ते चित्र डोळ्यांजवळ नेले, लांब धरले, पुन्हा जवळ नेले. "फट बोटभर पुरेल?"

"तीनशे साठ किलोंना टेकणार नाही, पाचशेंना टेकेल. मास्तरकाकांना विचारा."

"टेकेल," तोलमास्तर म्हणाले. "हवं तर मी गाडीत बसून दाखवतो." आणि त्या दिवशी प्रथमच सारा कारखाना मोठ्याने हसला.

उस्तादांनी कमरेच्या किल्ल्या सोडल्या. पुढचा महिना यायचा होता, पण त्यांनी तेवढी वाट पाहिली नाही. किल्ल्या त्यांनी तिच्या हातात ठेवल्या, पाना उचलला आणि गाडीजवळ जाऊन वाकले.

"सांगा, उस्ताद," ते सुनेला म्हणाले. "कोणती बाजू आधी खोलू?"

मग लिफाफा तिने दुमडून वहीच्या शेवटच्या पानात ठेवला आणि गळ्यातले यंत्र काढून सासऱ्यांच्या गळ्यात घातले. "डावी, बाबा. आणि हवा याच्यानं मोजायची."

"अर्धा मेकॅनिक झालो म्हणायचा मी!"

"नाही," ती म्हणाली. "कान तुमचाच ठेवा. यंत्र खोटं बोललं तर कळायला हवं ना."

दिवस मावळायच्या आत पट्ट्या बसल्या. चाके जमिनीला टेकवून, भार येऊ देऊन, शेवटचा पाना सुनेने फिरवला. भिंतीवरचे वचन उस्तादांनी पुसले नाही. फक्त त्याच्याखाली, ओल्या कुंचल्याने, एक ओळ वाढवली : 'पण आधी विचारा, ओझे काय आहे.'

दुसऱ्या दिवशी पहाटे तीस मधपेट्यांची गाडी निघाली. दगडगोट्यांच्या वाटेला लागताच तिने एक हलकासा झोका घेतला, पुन्हा एक घेतला, आणि पाळण्यासारखी डुलत ती चढाला लागली. पेट्यांतून संथ गुणगुण येत होती. तीत रागाचा सूर नव्हता. मधमावशीने खिडकीतून हात हलवला. रबरशेठ पापडाचा डबा घेऊन उभा होता. उस्ताद कान देऊन ऐकत राहिले, गुणगुण ऐकू येईनाशी होईपर्यंत.

तोलमास्तर बाकड्यावर बसले. फळी चार बोटे लवली.

"भावोजी," उस्ताद म्हणाले, "फळीला नमस्कार करायला लावता तुम्ही."

ज्यांच्या हातून चूक होते त्यांना ती बोलून दाखवण्याइतका वेळ मिळो. ज्यांचे बरोबर असते त्यांना ते कोणाच्या तरी मुखाने ऐकायला मिळो. आणि चढावर निघालेल्या त्या लहान जिवांना, त्यांच्या घरांना, त्यांच्या मागे-पुढे चालणाऱ्या या माणसांना वाट सांभाळून नेवो.